माझ्या वाट्याचा बर्फ

जर्मनीतल्या येनात राहून बर्फावरून घसरला नाही असा भारतीय माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाची पडण्याची एक गोष्ट होती आणि ती दर हिवाळ्यात थोडी वाढायची. पहिल्या वर्षी जो नुसता घसरला होता तो तिसऱ्या वर्षी ट्रामखाली येता येता वाचलेला असायचा. मी मात्र माझी गोष्ट कधी पूर्ण सांगितली नाही. कुणी विचारलंच तर "हो, मनगटाला चीर गेली होती" एवढं सांगून पोह्यांवर विषय न्यायचे. याचं कारण सोपं आहे. ज्या बर्फावर मी पडले तो काढायची पाळी माझी होती.

म्हणजे कागदोपत्री नव्हती. कागदोपत्री ती तळमजल्यावरच्या ताईची होती. पण शब्द मी दिला होता, तोही कुणी फारसा आग्रह न करता, उत्साहाच्या भरात. आपल्याकडे शब्द देणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो, तो छान झाला की पुढचं काम झाल्यासारखंच वाटतं.

साल दोन हजार चार. मी भिंगं मोजणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायचे आणि माझा नवरा दुसऱ्या एका कंपनीत यंत्रांची डिझाइनं करायचा. दोघंही पुण्याचे, म्हणजे आपलं कधी चुकत नाही हे दोघांनाही लहानपणापासून माहीत. आम्ही राहायचो ती तीन मजल्यांची, सहा घरांची इमारत होती. तिच्यात हिवाळ्यात एक पुठ्ठ्याची पाटी एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरायची. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा त्या आठवड्याचा विंटरडीन्स्ट. म्हणजे सकाळी सातच्या आत पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढायचा आणि वर खडी टाकायची. कुणी पडलं तर पाटीवाल्याने उत्तर द्यायचं.

या पाटीचं वेळापत्रक दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई करायच्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, गणिताच्या. त्यामुळे आम्ही घरात त्यांना 'गणिताच्या बाई'च म्हणायचो. त्यांचं वेळापत्रक पट्टीने आखलेलं असायचं आणि खाली बारीक अक्षरात अकरा नियम. आम्ही दोघांनी ते अकराच्या अकरा नियम कौतुकाने एकमेकांना वाचून दाखवले होते, हसलो होतो आणि विसरलो होतो.

ताई व्हिएतनामची. बर्लिनची भिंत पडण्याआधी, विशीत, ती इथल्या एका कारखान्यात कामाला आली. मग भिंत गेली, कारखाना गेला, तिचा नवराही बर्लिनला निघून गेला आणि ही इथेच राहिली. बारा वर्षं तिने बाजाराच्या चौकात ताडपत्रीखाली भाजी विकली, उन्हाळा नाही की हिवाळा नाही. अख्ख्या गावात ताजी कोथिंबीर मिळायची ती तिच्याकडेच. ओळख झाल्यावर तिने मला सांगितलं की त्यांच्यात वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, 'ची' म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. मी म्हटलं, मग आमच्यात ताई. तेव्हापासून ती ताई.

त्या हिवाळ्यात ताईला पहिल्यांदा दुकान मिळत होतं. आमच्या मागच्याच गल्लीत. चार भिंती, काचेचं दार, आत गरम. दुकान आणि आमची इमारत एकाच हाउसफेरवाल्टुंगची, म्हणजे मालकाच्या वतीने सगळं बघणाऱ्या ऑफिसची. करारावर सही पुढच्या बुधवारी व्हायची होती. ताई रोज संध्याकाळी त्या रिकाम्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. सही होईपर्यंत ती 'माझं दुकान' म्हणायची नाही, 'ते दुकान' म्हणायची.

आणि त्या बुधवारच्या आधीच्या गुरुवारी त्यांचं नवीन वर्ष होतं.

त्याआधीच्या रविवारी दुपारी ती आल्याच्या वड्यांचा डबा घेऊन वर आली. त्या आठवड्यात पाटी तिच्या दारावर लागणार होती. तिने अडचण सांगितली. वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडूला हात लावायचा नाही. घरात नाही, दारासमोर नाही, कुठेच नाही. झाडलं की केराबरोबर आलेलं भाग्यही बाहेर जातं. आणि यंदा दुकान आहे.

झालं, मी उसळलेच. "अगं, आमच्यातही असंच!" मी तिला दिवेलागणीनंतर केर का काढत नाहीत ते सांगितलं. लक्ष्मी सांगितली. दिवाळीत आम्ही नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू लावतो हेही सांगितलं. झाडूची पूजा ऐकून ताई इतकी चकित झाली की मला आणखी चेव आला. आशियाई संस्कृतीचं ऐक्य आणि युरोपियनांना ते कसं कळत नाही, यावर मी वीस मिनिटं बोलले असेन. पुण्यात आमच्या घरी केरवारा करायला बाई होती आणि मी स्वतः ती केरसुणी कधी हातात धरली नव्हती, हा तपशील मी गाळला.

शेवटी ताईने साधा प्रश्न विचारला. "मग गुरुवारी सकाळी बर्फ तू काढशील?"

"झालाच म्हणून समज," मी म्हटलं.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. नव्या वर्षात घराचा उंबरा बाहेरचा जो कुणी पहिल्यांदा ओलांडतो, तो जसा असेल तसं त्या घराचं वर्ष जातं. म्हणून त्या सकाळी कुणी कुणाकडे असंच जात नाही. माणूस आधीपासून ठरवून बोलावतात. ताईने एर्फुर्टचे एक गृहस्थ ठरवले होते. स्वतःची तीन दुकानं, तब्येत चांगली, बायकोशी पटतं, दोन मुलगे, आणि जन्माचं वर्ष ताईच्या वर्षाशी जुळणारं. आमच्याकडे मुलीचं लग्न ठरवताना एवढी चौकशी होत नाही. ते नऊ वाजता येणार होते. "नऊच्या आधी मला शुभेच्छा द्यायला येऊ नकोस हं," ताई म्हणाली. मी हसले आणि तोही शब्द दिला.

बुधवारी रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या खालचा बर्फ काढावा लागेल." तो लॅपटॉपमधून मान वर न करता "हं" म्हणाला. लग्नाला चार वर्षं झाली होती, तेव्हा त्याच्या 'हं'चे निदान तीन अर्थ मला ठाऊक होते. त्यातला मला सोयीचा होता तो मी घेतला आणि गजर न लावता झोपले.

रात्रीतून वीतभर बर्फ पडला. नवरा साडेसहाला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या वेळेला, त्याच बर्फातून नीट पाय टाकत कामावर गेला. संध्याकाळी त्याने मला स्वतःच सांगितलं की त्याला ते दृश्य फार सुंदर वाटलं होतं.

मी पावणेआठला खाली उतरले. उशीर झालेला, एका खांद्यावर पिशवी, एका हातमोज्यात हात आणि दुसरा हातमोजा दातात. बाहेरचं दार उघडलं आणि पायऱ्यांवरचा तो अख्खा, न काढलेला बर्फ बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: काय माणसं आहेत, कुणाची पाळी आहे ही? मी चांगली चिडले. चिडतच पाऊल टाकलं. उत्तर सुचलं तेव्हा पाय हवेत होते.

तीन पायऱ्या मी बसून उतरले, शेवटची हातावर. हनुवटी रेलिंगला लागली. मी "आई गं!" म्हणून जी ओरडले ती त्या गल्लीला नवीन असावी, कारण समोरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि लगेच बंद झाल्या.

ताई धावत बाहेर आली. अंगात लालबुंद रेशमी पायघोळ पोशाख, केस नीट बांधलेले, पायात सपाता. तिने मला उठवून बसवलं, नव्या बाहीने हनुवटीचं रक्त पुसलं आणि धरून जिन्याखाली आणलं. तिच्या घराचं दार उघडंच होतं. आतून उदबत्तीचा वास येत होता. टेबलावर फळं, फुलांची एक फांदी, ताटात हिरव्या पानांत बांधलेला भात. मी आपोआप त्या दिशेने निघाले, तर ताईने हात आडवा केला.

"इथे बस," ती म्हणाली आणि मला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं.

मग ती आत गेली आणि एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. आधी खुर्ची. मग पांघरूण. मग मनगटावर ठेवायला गोठवलेल्या मटारची पिशवी. मग गरम चहा. टॅक्सीला फोनही तिने केला, पण तिथून सांगितलं की बर्फामुळे निदान तासभर लागेल. तिचं अख्खं घर माझ्यासाठी उंबऱ्याबाहेर आलं, पण मला आत घेतलं नाही. मला कारण पक्कं माहीत होतं. रविवारी मीच त्यावर माना डोलावल्या होत्या. तरीही, खरं सांगते, मला राग आला. दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दलचा आपला आदर आपण उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला बसलोय यावर बराच अवलंबून असतो.

एवढ्यात गणिताच्या बाई खाली आल्या. घरातला जाड गाऊन, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उघड्या दारातून बाहेरच्या पायऱ्यांकडे बघितलं, ताईच्या दारावरच्या पाटीकडे बघितलं आणि शेवटी घड्याळाकडे.

"आल्झो," बाई म्हणाल्या. जर्मन माणूस 'आल्झो' म्हणून थांबला की समजावं, आता मुद्द्यांना क्रमांक पडणार. "पाटी कोणाची?"

"माझी," ताई म्हणाली.

"आणि बर्फ कोणाचा?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मनगटाकडे बघितलं. मनगट दुखत होतं हे खरं आहे. पण दोन शब्द बोलता येऊ नयेत इतकं दुखत नव्हतं. 'माझा बर्फ', बस, एवढंच म्हणायचं होतं. माझं जर्मन तेव्हा तेवढं नक्कीच होतं. पण माझी दातखीळ बसली. मला वाटलं, ताई सांगेलच. तीही गप्प राहिली.

"मग पाटी ज्याची, जबाबदारी त्याची," बाई म्हणाल्या. "माणूस जखमी झाला आहे. मला हाउसफेरवाल्टुंगला लिहावं लागेल."

ताईचा चेहरा मी पाहिला. बुधवारची सही त्याच ऑफिसात होती. बारा वर्षं ताडपत्रीखाली काढल्यावर मिळणारं दुकान, आणि सहीच्या आधी टेबलावर तक्रार, हिच्या हलगर्जीपणामुळे शेजारीण पडली. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. मी मटारची पिशवी मनगटावर नीट केली.

"आणि जखमी माणूस जिन्यात का बसलाय? आत घ्या त्यांना. मदत करणं हा इथे कायदा आहे, मर्जी नाही."

ताईने आतल्या घड्याळाकडे बघितलं. आठ वाजले होते. नऊला एक तास. तिने एकदा त्या टेबलाकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, मग बाजूला झाली आणि म्हणाली, "ये."

'मी इथेच बरी आहे' असं मला म्हणता आलं असतं. पण जिन्यात फार गारठा होता. मी गेले. जाताना उजवं पाऊल आधी टाकलं. आपल्या बाजूने तेवढंच.

नऊच्या ठोक्याला एर्फुर्टचे गृहस्थ आले. काळा सूट, चकचकीत बूट, हातात खोकंभर संत्री. मला सोफ्यावर बघून ते दारातच थबकले. ताईने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बसले, चहा घेतला आणि अगदी सभ्यपणे मला जन्मसाल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बोटं मोजली. "वाघ," ते म्हणाले. सुरू झालेलं वर्ष वानराचं होतं. वाघ आणि वानर यांचं जमतं का, हे विचारायची गरज पडली नाही, कारण त्यांनी कप हलकेच खाली ठेवला आणि खिडकीबाहेरच्या हवेची चौकशी केली. अर्ध्या तासात ते गेले. संत्री मात्र ठेवून गेले.

टॅक्सी आली, हॉस्पिटल झालं. मनगटात केसाएवढी चीर, तीन आठवडे गिप्स, म्हणजे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, क्षुल्लक आहे. मनगट क्षुल्लकच होतं.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, बर्फाचं काय झालं? तो म्हणाला, "तू 'काढावा लागेल' म्हणालीस. कोणी, ते म्हणाली नाहीस. मला वाटलं तू एक सर्वसाधारण निरीक्षण नोंदवते आहेस." मी प्लास्टरचा हात उचलला, पण तो माझाच होता.

शनिवारी आमची मराठी मंडळी मला बघायला आली. आठजण. त्यातले सात इंजिनियर आणि एक इंजिनियरची आई, महिनाभरासाठी सांगलीहून आलेली. इंजिनियर माणसाला नुसती सहानुभूती दाखवता येत नाही, त्याला मूळ कारण शोधावं लागतं. एकाने कागद घेतला. 'का पडली?' बर्फ होता म्हणून. 'बर्फ का होता?' काढला नव्हता म्हणून. 'का काढला नव्हता?' इथे सगळे माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले, तेव्हा त्याने तापमान आणि दवबिंदू आणले. पोह्यांची दुसरी फेरी होईपर्यंत मूळ कारण हवामान आहे असं एकमताने ठरलं.

मी म्हटलं, "पण त्या बाई ताईची तक्रार लिहिणार आहेत. तिचं दुकान जाईल. मी जाऊन सांगू का, की चूक माझी आहे?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. पाटी तिच्या दारावर होती, म्हणजे कायद्याने तू सुटलीस. लेखी कबुली इथे कधी द्यायची नसते. उद्या विमा कंपनी म्हणेल, स्वतःच्या चुकीने पडलात. परवा व्हिसाचं नूतनीकरण आहे, फाइलमध्ये असला कागद कशाला? तिच्याबद्दल वाईट वाटतं गं, पण ती इथे जुनी आहे, तिला सवय आहे. हे शेवटचं वाक्य ज्याने म्हटलं तो तिच्याकडूनच दर शनिवारी कोथिंबिरीच्या चार जुड्या न्यायचा.

सांगलीच्या काकू म्हणाल्या, "अहो, पण वर जाऊन सांगून टाकायचं ना सरळ. एक जिना तर आहे."

"काकू, इथलं सगळं वेगळं असतं," सातही जण म्हणाले.

आणि मला काय वाटलं? मला बरं वाटलं. सात शिकलेल्या माणसांनी माझ्या भित्रेपणाला रीतसर मान्यता दिली होती. ते बरं वाटणं फार टिकलं नाही. संध्याकाळी मी खाली कचरा टाकायला गेले, तर ताईच्या दारावर ती पाटी तशीच होती आणि ताई बाहेरच्या पायऱ्या खरवडत होती. वर्षाचा तिसरा दिवस होता. तिने वाकूनच विचारलं, "मनगट कसं आहे?"

ती रोज वर यायची. हातात झाकलेलं भांडं, आत गरम सूप, वर कोथिंबीर. समोर बसायची, मी खाईपर्यंत काही बोलायची नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी रोज मनाशी ठरवायचे, आज बोलायचं. रोज तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "सूप छान झालंय." मग ती रिकामं भांडं घेऊन जायची.

सोमवारी मी दुसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा गेले. एकदा आत रेडिओ चालू होता म्हणून परत आले, एकदा बंद होता म्हणून. मंगळवारी दुपारी मात्र माझ्या लक्षात आलं की उद्या सही आहे आणि पत्र गेलं नसेल तर आज जाईल. मला व्हिसाची भीती वाटत होती, बाईंची भीती वाटत होती, आणि ताई उद्या रिकाम्या हाताने परत आली तर तिने आणलेलं सूप मला गिळता येईल का याची त्याहून जास्त. मी चपला घातल्या आणि वर गेले.

बाईंनी दार उघडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "या. मंगळवार." जणू माझी अपॉइंटमेंट होती. टेबलावर कॉफी होती, दोन कप होते.

मी पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. बर्फ माझा होता, मी कबूल केलं होतं, मी विसरले, तिची काही चूक नाही, कृपया तिच्याबद्दल लिहू नका.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. बरोबर. त्यांनी ड्रॉवरमधून वेळापत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. गुरुवारच्या चौकोनात, ताईच्या आडनावाच्या खाली, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात माझं आडनाव होतं.

"अदलाबदल केली की मला कळवायचं. नियम सहावा. त्यांनी रविवारी संध्याकाळीच कळवलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशी, जिन्यात?"

"हो."

"मग तुम्ही तिला का बोललात?"

"मी त्यांना बोलले नाही. मी विचारलं, बर्फ कोणाचा. त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तुमच्या मनगटाकडे बघितलंत." बाईंनी माझ्या कपात कॉफी ओतली. "मी अडतीस वर्षं वर्गात उभी होते. प्रश्न विचारल्यावर कोण कुठे बघतं, ते मला कळतं."

टेबलावर एक लिफाफा होता, हाउसफेरवाल्टुंगच्या पत्त्याचा. त्यांनी तो फोडला आणि मला वाचायला दिला. तारीख गुरुवारची होती. अदलाबदल नियमाप्रमाणे झाली होती, तळमजल्यावरच्या भाडेकरूने सर्व काही बरोबर केलं, चूक पहिल्या मजल्यावर डावीकडे. माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर.

"मग हे पाठवलं का नाहीत?"

"तुम्हाला मुदत दिली होती. आजपर्यंत. प्रत्येक गोष्टीला फ्रिस्ट असते." त्यांनी पेन उघडलं, एक ओळ खोडली आणि वर लिहिलं: संबंधित व्यक्तीने स्वतः येऊन सांगितलं. मग नवा लिफाफा घेतला. "आता हे पत्र आणि मघाचं पत्र एक नाही," त्या म्हणाल्या आणि केकची बशी माझ्याकडे सरकवली.

म्हणजे ताईच्या दुकानाला धोका कधी नव्हताच. यामुळे मला हलकं वाटायला हवं होतं. उलट माझी लाज आणखी वाढली. धोका खरा आहे असं समजूनच मी पाच दिवस गप्प बसले होते. दुकान वाचलं ते गणिताच्या बाईंमुळे, माझ्यामुळे नाही.

तिथून मी तडक तळमजल्यावर गेले. ताईने दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

"बोललीस?" तिने विचारलं.

"बोलले. पण ताई, तू का नाही बोललीस? 'हिचा बर्फ' एवढंच म्हणायचं होतं."

"पहिल्या दिवशी घरात भांडण काढत नाहीत."

"आणि दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी? उद्या सही आहे तुझी!"

ताईने माझा प्लास्टरचा हात धरून मला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. "माझ्या घरात पहिली तू आलीस. आता बदलता येत नाही. तू जशी, तसं माझं वर्ष. तू विसरलीस हे मी वर जाऊन सांगितलं असतं, तर पहिलं आलेलं माणूस खोटं ठरलं असतं. मग मला वर्षभर खोटी माणसं भेटली असती. दुकानात, ऑफिसात, सगळीकडे. तू स्वतः सांगितलंस तर ते माणूस खरं. म्हणून मी थांबले."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"म्हणून तर रोज येत होते, बघायला."

"म्हणजे ते सूप..."

"सूप मनगटासाठी पण होतं," ती म्हणाली.

मला रडू आलं. तिने ते संकोच न करता बघितलं, मग एर्फुर्टच्या गृहस्थांनी आणलेलं एक संत्रं सोलून माझ्या चांगल्या हातात ठेवलं. "आता ठीक आहे," ती म्हणाली. "जरा उशीर झाला, पण ठीक आहे."

ताईचं दुकान झालं, चाललंही छान. वर्षभर तिला माणसं सगळी खरी भेटली, कुणी फसवलं नाही, कुणी शब्द फिरवला नाही. फक्त बुधवारची सही ऑफिसातल्या साहेबांच्या सर्दीमुळे सोमवारी झाली. फ्रीज शनिवारी यायचा तो गुरुवारी आला. दारावरची पाटी रंगवणारा, परवान्याचा कागद, बर्लिनहून येणारी कोथिंबिरीची पहिली पेटी, सगळं आलं, नीट आलं, आणि बरोबर पाच दिवस उशिरा आलं. ताईने कधी तक्रार केली नाही. दर वेळी ती फक्त वस्तू आत घ्यायची, सही करायची आणि एकदा माझ्याकडे बघायची.